माइक कुणाचा आवाज पोचवतो?

मागच्या अंकात मी ड्रम कोअरच्या स्वयंपाकाच्या ट्रकबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेत उन्हाळाभर गावोगावी फिरणाऱ्या, शाळांच्या जिममध्ये झोपणाऱ्या दीडशेहून जास्त मुलांना दिवसातून चार वेळा खाऊ घालणं म्हणजे काय, याबद्दल. पत्रं भरपूर आली, पण स्वयंपाकाचा उल्लेख फार थोड्यांत होता. बहुतेकांना विचारायचं होतं ते आवाजाबद्दल, मैदानावरच्या माइक आणि स्पीकरबद्दल. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला देते आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड. वाजवणारी मुलं जास्तीत जास्त एकवीस-बावीस वर्षांची. फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत, साधारण अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम संपूर्ण उन्हाळाभर घासूनपुसून सादर करायचा आणि ऑगस्टमध्ये अंतिम स्पर्धा. ही स्पर्धा घेणारी संस्था ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या गावी झाली. मैदानाच्या पुढच्या रेषेवर मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं), टिंपनी (मोठे सुरेल ड्रम) अशी जागेवर ठेवून वाजवायची वाद्यं असतात, त्याला म्हणतात पिट. आणि स्नेअर, टेनर, बास ड्रम गळ्यात घालून चालतात ती बॅटरी.

प्रश्न: आमचा मुलगा यंदा एका कोअरच्या पिटमध्ये मारिंबा वाजवतो आहे. त्याला ही वाट दाखवली ती आमच्या शेजारच्या गृहस्थांनी. ते स्वतः 1980 च्या दशकात कोअरमध्ये बॅरिटोन बिगुल वाजवायचे. मुलगा शाळेत होता तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये बसून त्यांनी त्याला तालाचे धडे दिले, एक पैसा घेतला नाही. पण आता ते त्याच्या शोला येत नाहीत. "स्पीकर लावले तिथे ड्रम कोअर संपलं," असं त्याच्या तोंडावर म्हणाले. मुलगा फार दुखावला आहे आणि तोही आता त्यांना "डायनो", म्हणजे डायनोसॉर, म्हणतो. बरोबर कोण? आणि मी दोघांशी काय बोलू?
— एक वडील, कोलंबस, ओहायो

उत्तर: आधी शेजाऱ्यांबद्दल बोलू, कारण त्यांची बाजू मुलाला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही.

ज्या वाद्यावर त्यांचं तारुण्य गेलं ते वाद्यच आता मैदानावर नाही. त्यांचा बिगुल 'जी' (G) सुराचा होता आणि त्याला बहुधा दोनच पिस्टन (स्वर बदलायला दाबायचे खटके) असणार. उभ्या दोन पिस्टनचे बिगुल 1977 मध्ये चालू लागले, तिसरा पिस्टन 1990 मध्ये आला, आणि 2000 च्या हंगामापासून कोणत्याही सुरातली पितळी वाद्यं आणायला परवानगी मिळाली. शाळेच्या बँडमध्ये असतात तसेच ट्रम्पेट आले. त्यामागे व्यवहारही होता: ही वाद्यं हंगाम संपल्यावर शाळांना विकता येतात, जी सुराचा बिगुल कोण घेणार? पुढे 2004 च्या हंगामापासून पिटला आणि माणसाच्या आवाजाला माइक आला. 2009 पासून सिंथेसायझर आणि सॅम्पलर (आधी मुद्रित केलेले आवाज वाजवणारं यंत्र). 2014 पासून ट्रॉम्बोनसुद्धा. म्हणजे त्यांनी कोअर सोडल्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांच्या ओळखीचं एकेक काही ना काही निघून गेलं. आता ते मैदानाकडे बघतात तेव्हा ज्या जागी ते उभे असायचे ती जागाच त्यांना सापडत नाही. हे दुःख खरं आहे. त्याला "डायनो" म्हणणं अन्यायाचं आहे, आणि ज्या मुलाला त्या माणसाने फुकट शिकवलं त्याने तर ते मुळीच म्हणू नये. हे मुलाला माझ्या नावाने सांगा.

'जी' सुराच्या हॉर्नलाइनचा, म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्याचा, आवाज मी फक्त रेकॉर्डिंगमध्ये आणि जुन्या सदस्यांच्या पुनर्भेटीच्या कार्यक्रमात ऐकला आहे. तो आजच्याइतका शुद्ध नाही, सूर जमवायला ती वाद्यं अवघड. पण त्यात एक धार आहे. वाजवणारी साठ माणसं तुमच्याकडे तोंड करून उभी राहतात आणि आवाज अंगावर येतो. हा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही, अशी ज्याची खात्री झाली आहे तो माणूस कडवट बोलणारच.

आता तुमच्या मुलाबद्दल. शेजारी ज्या काळाची आठवण काढतात त्या काळात पिटमध्ये काय व्हायचं ते त्यांनाही ठाऊक आहे, कदाचित विसर पडला असेल. 1970 च्या दशकात पिट नव्हताच. झायलोफोन आणि टिंपनीसुद्धा पट्ट्यांनी अंगावर बांधून मुलं चालायची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही वाद्यं जमिनीवर ठेवायची मुभा मिळाली. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांच्या वेळचा पिट हीसुद्धा तेव्हाची नवलाईच होती, आणि तेव्हाच्या जुन्या मंडळींना तीही पटलेली नव्हती.

जमिनीवर आली तरी मारिंबा ऐकू जाईना. म्हणून कडक मॅलेट (वाजवायच्या गोळेवाल्या काठ्या) घ्यायचे आणि पट्ट्यांवर जोर लावून हाणायचं. माझ्या मुलीला शिकवणारे एक शिक्षक 1990 च्या दशकात पिटमध्ये होते. ते सांगायचे, आम्ही मारिंबा वाजवत नव्हतो, फोडत होतो. हंगामानंतर कॉलेजात गेल्यावर हात पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागायचा. माइकचा प्रस्ताव आधी अनेकदा फेटाळला गेला होता. शेवटी तो मंजूर झाला त्यामागचा मोठा मुद्दा हाच होता. माइक असला की लोकर गुंडाळलेले मऊ मॅलेट वापरता येतात, हळू वाजवता येतं, मुलाला वाद्याचा खरा स्वर काढायला शिकवता येतं. तुमचा मुलगा आज जे वाजवतो आहे, चार मॅलेट हातात धरून, एका बोटाच्या फरकाने आवाज कमी-जास्त करत, ते माइकशिवाय दुसऱ्या रांगेपलीकडे पोचणार नाही.

हे मी अनुभवाने सांगते. मुलीच्या कोअरच्या एका शोच्या आधी पाऊस येऊन गेला आणि पिटची वीज आलीच नाही. वेळ झाली की सुरू करावंच लागतं. मुलं वाजवत राहिली. मी बाजूच्या कुंपणाशी होते. मुलीचे हात दिसत होते, आवाज काही नाही, फक्त मागून पितळ आणि स्नेअर. आणि स्टँडमधली काही वयस्कर मंडळी उठून उभी राहिली, टाळ्या वाजवू लागली, कुणी तरी ओरडलं, "असं असतं ड्रम कोअर!" त्यांना पितळाचा नुसता आवाज आवडला होता, मुलांचा अपमान करायचा नव्हता, हे मला कळत होतं. पण मे महिन्यापासून दिवसाचे दहा-बारा तास उन्हात उभं राहून बसवलेलं सगळं काम ऐकू येत नाही म्हणून टाळ्या पडल्या, हे पिटमधल्या मुलांनी ऐकलं. मुलगी रात्री बसमध्ये रडली. तेव्हापासून "स्पीकर काढून टाका" असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणाचं वाजवणं काढून टाकायचं ते आधी सांगा.

मग शेजारी पूर्ण चूक आहेत का? नाहीत. माझं मत असं आहे की त्यांचा राग अर्ध्या ठिकाणी योग्य जागी लागतो. लग्न होऊन अमेरिकेत येण्यापूर्वी मी पुण्यात नाटकांना ध्वनिसंयोजन करत असे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला माइक ठेवलेले असायचे, आणि ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते म्हणायचे की प्रेक्षकाचं लक्ष स्पीकरकडे गेलं की आपलं काम बिघडलं. नटाचा आवाज नटाच्या तोंडातूनच आला पाहिजे, शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही. मैदानावर मी हाच कस लावते. मारिंबाचा माइक एका मुलाचं काम पोचवतो. पण ट्यूबांच्या खाली सिंथेसायझरचा खर्ज लावून ठेवला, की स्टेडियम हादरतं आणि ट्यूबावाले काय वाजवताहेत ते कुणालाच कळत नाही. चांगलं जड वाद्य खांद्यावर घेऊन, उलटं चालत, ती मुलं श्वास पुरवून पुरवून जो स्वर धरतात तो एका बोटाने दाबलेल्या पट्टीखाली गडप होतो. तिथे तुमच्या शेजाऱ्यांइतकाच मलाही राग येतो. सिंथ वाजवणाराही सदस्यच असतो, त्याचीही मेहनत असते, हे मान्य. तरीही ज्या ठिकाणी यंत्राने माणसाला झाकलं, तिथे परीक्षकांनी गुण कापावेत असं मला ठामपणे वाटतं. एकूण शंभरातले तीस गुण संगीताचे असतात, चाळीस एकंदर परिणामाचे. आवाज दणदणीत असला की परिणाम झाला असं वाटायला लागतं, आणि तिथेच घोळ होतो.

तर बोलायचं काय? वादात पडू नका. शेजाऱ्यांना शोला नेण्याचा आग्रह सोडा आणि सरावाला न्या. सकाळच्या सराव-सत्रांत पिट बऱ्याचदा वीज न लावता वाजवतो. त्यांना तुमच्या मुलाच्या मारिंबाच्या मागे चार फुटांवर उभं करा. तालाचे धडे त्यांनीच दिलेत, हातात काय चाललंय ते त्यांना कुणाही परीक्षकापेक्षा लवकर दिसेल. मग माइक लागल्यावर त्यांना स्टँडमध्ये वर नेऊन बसवा आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवा. आणि मुलाला म्हणावं, जेवणाच्या सुट्टीत त्यांना विचार, दोन पिस्टनवर सगळे स्वर कसे काढायचात? जे स्वर निघतच नसत त्यांचं काय करायचात? या प्रश्नांची उत्तरं देताना ते स्पीकरबद्दल बोलणार नाहीत.

प्रश्न: मी पुण्यात ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. यूट्यूबवर डीसीआयचे व्हिडिओ बघून वेडा झालोय. पण एक कळत नाही. आमच्या पथकाला स्पीकर कधीच लागत नाही, उलट लोक कान झाकतात. यांच्याकडे दीडशे लोक आहेत, ट्रम्पेट आहेत, मग यांना स्पीकर कशाला? ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर: तुझा ताशा आणि त्यांचा स्नेअर यांना खरंच स्पीकर लागत नाही, आणि बॅटरीसाठी तो सहसा नसतोही. तू व्हिडिओत जे स्पीकर बघतोस ते मुख्यतः पिटसाठी, एकट्याने वाजवणाऱ्या कुणासाठी, आणि सिंथेसायझरसाठी. ताशाचं कातडं ताणलेलं, काड्या बारीक, आवाज सुरुवातीलाच टोकदार. गर्दीतूनही तो कापत जातो. ट्रम्पेटचं तोंड तर थेट प्रेक्षकांकडे वळवलेलं असतं. मारिंबाच्या पट्ट्या आडव्या असतात, त्यांचा आवाज प्रेक्षकांकडे न वळता चहूकडे पसरतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पुढच्या रांगेत नाजूक वाटलेली धून साठ मीटरवर, सत्तर-ऐंशी पितळी वाद्यांच्या समोर, शिल्लक राहत नाही.

पण तुला तालवाला म्हणून यातली दुसरी गोष्ट जास्त आवडेल. तुमचं पथक मिरवणुकीत एकमेकांना चिकटून उभं असतं. यांचं मैदान 91 मीटर लांब आणि जवळजवळ 49 मीटर खोल. समज, स्नेअर पिटच्या मागे 35 मीटरवर आहेत. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे स्नेअरचा ठोका पिटपर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग. लय मिनिटाला 180 मात्रांची असेल तर एका मात्रेला सेकंदाचा तिसरा भाग मिळतो, आणि त्यातला चौथा हिस्सा होतो 0.083 सेकंद. म्हणजे मात्रेच्या चौथाईपेक्षाही जास्त उशीर! पिटने ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभं राहून हाताने लय देणाऱ्याच्या, हाताकडे बघून वाजवलं तर प्रेक्षकांना पिट आधी आणि ड्रम मागून ऐकू येतील. म्हणून पिटमधली मुलं हाताकडे बघत नाहीत, मागून येणाऱ्या आवाजावर वाजवतात. आणि ड्रम मेजर कुणाकडे बघतो? मधल्या स्नेअरवाल्याच्या पावलांकडे. कान बंद ठेवून डोळ्यांनी लय धरायची आणि ती सगळ्या मैदानाला द्यायची. हे शिकायला त्यांना आठवडे लागतात.

आता यात स्पीकर घाल. स्पीकर पुढच्या रेषेवर आहेत, त्यांचा आवाज मैदानातल्या मुलांना पुढून येतो, ड्रमचा मागून. मधे कुठेतरी उभ्या असलेल्या ट्रम्पेटवाल्याने कोणाचं ऐकायचं? त्याला शिकवलं जातं की पुढून येणारं मनावर घेऊ नकोस, मागचं ऐक. शिवाय मारिंबावरचे माइक मागच्या पितळेचा आवाजही ओढून घेतात, म्हणून ते पट्ट्यांच्या अगदी जवळ लावावे लागतात. पाऊस, ऊन, धूळ, रोज नवं मैदान, आणि मैदानात शिरल्यावर काही मिनिटांत सगळं जोडायचं. केबल ओढणारीही बहुतेक वेळा हीच मुलं.

फसवणूक म्हणशील तर नियमात एक भिंत आहे: संगीत त्या क्षणी मैदानावरच्या सदस्याने वाजवायला हवं. आधी तयार करून ठेवलेला वाद्यमेळ लावून द्यायचा आणि मुलांनी वर हात हलवायचे, हे चालत नाही. बोलण्याचे तुकडे आणि वातावरणाचे आवाज मात्र चालतात. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आजही मैदानावर नाहीत. भिंत कुठे आहे ते कळलं की मग ती योग्य जागी आहे का यावर भांड. मला विचारशील तर थोडी मागे सरकवायला हवी. खर्जाच्या सिंथबद्दल वरच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंच आहे.

आणि एक सुचवते. मोबाइलवर बघू नकोस. मोबाइलच्या स्पीकरला खर्ज नसतोच, आणि अधिकृत व्हिडिओतला आवाज मैदानाजवळच्या माइकवरून मिसळून घेतलेला असतो. स्टँडमध्ये जे ऐकू येतं ते वेगळंच असतं. चांगले हेडफोन घे आणि शोऐवजी फक्त ड्रमच्या सरावाचे व्हिडिओ शोध. चाहते त्याला 'लॉट' म्हणतात, म्हणजे पार्किंगच्या जागेत शोआधी गोल उभं राहून वाजवलेलं. तिथे विजेचा संबंधच नाही. तुला तुझ्या पथकासाठी घेण्यासारखं सगळं तिथेच आहे.

प्रश्न: माझ्या नातवामुळे गेली बरीच वर्षं मी हे कार्यक्रम बघते. वाजवणं, चालणं सगळं आवडतं. पण मध्येच कोणीतरी माइकवर बोलायला लागतं: आयुष्य, स्वप्नं, बदल वगैरे. मला ते सहन होत नाही. नातू म्हणतो, "आजी, कला बदलते, तू बदल." कला बदलते म्हणजे काहीही गोड मानून घ्यायचं का?
— एक आजी, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: आजी, गोड मानून घेऊ नका. पण तुमच्या राज्यातलंच उदाहरण आहे म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

कॅडेट्स हे कोअर 1934 साली तुमच्यापासून फार लांब नसलेल्या गारफिल्ड गावच्या एका चर्चमध्ये जन्मलं. 1983 ते 1985 सलग तीन वर्षं ते अजिंक्य ठरलं, आणि ते मैदानावरची रचनाच बदलून. तोवर सगळं सममित असायचं, डावीकडे जे तेच उजवीकडे. त्यांच्या रचनाकाराने, जॉर्ज झिंगालीने, ती चौकट मोडली. रेषा वळल्या, तुटल्या, एकमेकींतून आरपार गेल्या. आज सगळे तसंच करतात. त्याच कॅडेट्सनी माइक आल्यावर 2006, 2007, 2008 अशा ओळीने तीन वर्षं बोलण्याचा भरपूर वापर केला. 2007 मध्ये तर सदस्य स्वतःबद्दल बोलत होते. त्या वर्षीइतकी चाहत्यांची फूट क्वचित पडली असेल. मी तो शो रेकॉर्डिंगवर पुन्हा पुन्हा ऐकला आहे. माझं मत: हॉर्नलाइन जे आधीच सांगत होती ते शब्दांनी पुन्हा सांगितलं गेलं. मुलांचा प्रामाणिकपणा खरा होता, आणि त्याबद्दल त्यांची थट्टा झाली ती मला मुळीच आवडली नाही. पण संगीतावर ओझं पडलं. एकाच कोअरने बदल केला, एकदा तो टिकला, एकदा नाही. म्हणून "कला बदलते" एवढं म्हणून नातवाला सुटता येणार नाही. कोणता बदल, ते त्याने सांगावं.

आता दुसरी बाजू. 1993 साली इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या स्टार ऑफ इंडियाना या कोअरने बार्बर आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं संगीत घेतलं. एकही माइक नाही, तेव्हा परवानगीच नव्हती. फक्त कठोर, तुटक, अवघड संगीत आणि शरीरांची विचित्र हालचाल. लोकांना ओळखीची धून हवी होती, टाळ्या घेणारा उंच ट्रम्पेट हवा होता. स्टँडमधून नापसंतीचे आवाज आले. अंतिम फेरीत ते एका दशांश गुणाने कॅडेट्सच्या मागे, दुसरे आले, आणि त्यानंतर त्यांनी स्पर्धा सोडली ती कायमची. त्याच मंडळींनी पुढे जे उभं केलं त्याचा 'ब्लास्ट!' हा रंगमंचीय कार्यक्रम झाला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर पोचला आणि 2001 मध्ये तिथला टोनी पुरस्कार मिळवून गेला. आणि ज्या शोला नाकं मुरडली गेली तो आज जाणकार थोर शोंमध्ये धरतात. बदलाविरुद्धचं भांडण माइकच्या आधीपासून आहे, विजेशिवायही झालेलं आहे, आणि त्या वेळी भांडणारे चुकले असं मला वाटतं.

माझ्या आवडीचं एक उदाहरण देते. 2014 मध्ये ओहायोच्या ब्लूकोट्स या कोअरने एक गोष्ट केली: सगळ्या हॉर्नलाइनचा स्वर वाकला, जणू मैदानच कलंडलं. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीने केलेलं होतं. शुद्धतावाद्यांना ते फसवं वाटलं. मी मात्र त्याच्या बाजूने आहे. एक तर, ती कल्पना संपूर्ण शोच्या मुळाशी होती, कपड्यांपासून चालण्यापर्यंत सगळं तिरकं. वर लावलेला मुलामा नव्हता. दुसरं, यंत्राने कोणालाही झाकलं नाही. मुलंही वाकत होती, यंत्रही. त्या वर्षी ते दुसरे आले. पहिले आलेले ब्लू डेव्हिल्स 99.650 गुण मिळवून गेले, डीसीआयच्या इतिहासातले सर्वाधिक. तरी त्या उन्हाळ्याबद्दल बोलताना लोक त्या वाकलेल्या स्वराबद्दल बोलतात.

नातवाबरोबर एक करून बघा. पुढच्या वेळी शोमध्ये बोलणं सुरू झालं की त्याला विचारा, हे वाक्य काढलं तर काय जाईल? तो अडखळला नाही, नीट सांगू शकला, तर त्याचं ऐका. आणि तुम्हाला तरी आवडलं नाही तर नाही आवडलं. इतकी वर्षं स्टँडमध्ये बसलेल्या बाईला आवडनिवड असायचा पूर्ण हक्क आहे.

प्रश्न: मुलगी एका लहान कोअरमध्ये आहे. मोठ्या कोअरचे स्पीकर, मिक्सर बघून आमचे पालक निधी गोळा करण्याच्या मागे लागले आहेत. आपण हे करायलाच हवं का?
— एक पालक, डॅलस, टेक्सास

उत्तर: नाही. माइकला परवानगी आहे, सक्ती नाही. माझ्या मते या सगळ्या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. स्पीकर घेतले की ते ठेवायला ट्रकमध्ये जागा लागते, जनरेटर लागतो, पावसाचं झाकण लागतं, ते जाणणारा माणूस पगारावर लागतो, आणि तीन-चार वर्षांत नवं घ्यावंसं वाटतं. लहान कोअरचा पैसा आधी बस, डिझेल आणि जेवणावर जातो, आणि तसाच जायला हवा. पालकसभेत क्रम लावून घ्या: आधी सुरक्षित बस आणि प्रशिक्षित मदतनीस, मग चांगली वाद्यं, मग मारिंबांपुरते दोन-चार माइक आणि दोन बरे स्पीकर. खर्जाचे मोठे डबे यादीत असतील तर ते खोडा. आणि शिक्षकांना सांगा की शोची रचनाच अशी करा की वीज गेली तरी कार्यक्रम उभा राहील. आमच्या कोअरने त्या पावसाच्या रात्रीनंतर तेच केलं: पिटची महत्त्वाची जागा जिथे, तिथे पितळ थांबवलं.

प्रश्न: ऑगस्टमध्ये मुलाकडे इंडियानापोलिसला येतो आहोत. तो अंतिम स्पर्धेची तिकिटं काढतो म्हणतोय. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, पहिल्यांदाच बघणार. कुठे बसावं? आवाजाचा त्रास होईल का?
— एक दांपत्य, नाशिक

उत्तर: लुकस ऑइल स्टेडियममध्ये खालच्या पुढच्या रांगा घेऊ नका, महाग असल्या तरी. तिथे स्पीकर थेट समोर येतात, पिटशिवाय काही ऐकू येत नाही आणि मैदानावरच्या आकृत्या दिसतच नाहीत. मैदानाच्या मध्यरेषेसमोर, वरच्या बाजूला बसा. तिथे पितळ आणि पिट यांचा तोल बरा लागतो. छत बंद असलं की आवाज घुमतो, म्हणून कानात घालायचे बोळे जवळ ठेवा. आत वातानुकूलन जोरात असतं, स्वेटर घ्या.

दुपारी लवकर निघा आणि कोअर जिथे वॉर्म-अप करतात तिथे आधी जा. हॉर्नलाइन अर्धवर्तुळात उभी असेल. समोर, पण रस्ता सोडून, उभं राहायचं. माइक नाही, तिकीट नाही. नुसते लांब स्वर धरतात तेवढं ऐका, अंगावर काटा येतो.

आणि पैसे एकाच दिवसापुरते असतील तर शनिवारच्या अंतिम फेरीऐवजी गुरुवारचं तिकीट काढा. शनिवारी फक्त पहिली बारा कोअर असतात. गुरुवारच्या प्राथमिक फेरीत सकाळपासून रात्रीपर्यंत लहान-मोठी बरीच येतात: दोन स्पीकर घेऊन आलेली आणि अख्खा ट्रकभर घेऊन आलेली, दोन्ही. कुणाचं काम तुमच्यापर्यंत पोचतं आणि कुणाचं नाही, ते तुम्हीच ऐका आणि परतल्यावर मला लिहा.